पाठमोरा बाप

मुलीच्या आयुष्यातला पहिला नायक म्हणजे तिचा बाप. हे त्रिकालाबाधित सत्य मी आजवर सदतीस सिनेमांत लिहिलं आहे. माझे स्वतःचे बाबा वजनकाटे दुरुस्त करतात, आणि त्यांनी मला दिलेला सगळ्यात प्रेरणादायी संदेश म्हणजे, "गीझर बंद कर."

मी परदेशी सिनेमांचे संवाद आपल्या भाषेत आणते. त्या सिनेमांतले बाप फार बोलतात. मुलगी शर्यत हरली की बोलतात, जिंकली की बोलतात, आणि स्वतः मरायला टेकले की सलग चार मिनिटं बोलतात. त्यांचे ओठ मिटतील तिथे मला प, ब, म यांपैकी काहीतरी आणून बसवावं लागतं. म्हणून आपल्याकडे ते सारखे "बाळा" म्हणतात. त्यात माया कमी, ओठ जास्त.

तर, त्या दिवशी आमच्या स्टुडिओची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत मी एकटी. दिवा गेला. मी दार बडवायला लागले... आणि बाहेरून एक आवाज आला – खोल, उबदार, धुऊन धुऊन मऊ झालेल्या शालीसारखा.

"घाबरू नकोस, पोरी. मी आहे ना."

खोटं कशाला बोलू, माझी भीती पळाली.

"काका," मी म्हटलं, "वॉचमनला बोलवा ना, प्लीज."

बाहेर पावलं धावत गेली. पाच मिनिटांनी दार उघडलं. समोर चुरगळलेल्या शर्टातला एक तरुण, माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठा. डोळे मात्र... असो.

"काका?" तो म्हणाला. हा आवाज निराळाच होता. बारीक, किंचित नाकातला.

"मघाशी बोलले ते कुठे गेले?"

"तो मीच. मी घाबरलो की तो आवाज लागतो."

"अडकले होते मी. तुम्ही कशाला घाबरलात?"

"लिफ्टला. मला ती बाहेरूनही सहन होत नाही."

असा हा पिताश्री. सगळा स्टुडिओ त्याला याच नावानं हाक मारायचा. वय एकतीस, आणि आमच्या भाषेतले निम्मे प्रेरणादायी बाप त्याच्या घशातून निघायचे. काचेच्या अलीकडे मी आणि रेकॉर्डिस्ट, पलीकडे हेडफोन लावून तो. मी लिहायची, तो बोलायचा. महिन्याभरात "अहो"चं "अरे" झालं. घरीही त्याचे फोन येऊ लागले, आणि फोनवर तो बहुतेक वेळ घाबरलेलाच असायचा.

"इथे 'बाळा' दोनदा का गं?"

"त्याचे ओठ दोनदा मिटतात."

"तू ओठ माझे बघतेस की त्याचे?"

"सध्या त्याचे. पगार त्यांचा मिळतो."

"आणि पगार नसता तर?"

मी कागद सारखे केले. ते आधीच सारखे होते. रेकॉर्डिस्टनं खोकून "चला, टेक" म्हटलं.

अशात मला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या स्टुडिओतून बोलावणं आलं. संवाद विभागाची प्रमुख! सोमवारपर्यंत कळवायचं. मला जायचंच होतं. फक्त जाण्याआधी पिताश्रीच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं, आणि ते मी लिहून देणार नव्हते.

त्यालाही ते कळलं असावं. गुरुवारी कॅन्टीनच्या जिन्यात त्यानं मला गाठलं. हातात चहाची कपबशी होती.

"मला तुला... म्हणजे आपण दोघं..." इथवर बारीक आवाज. मग तो घाबरला. आणि त्या खोल, उबदार, भारदस्त आवाजात म्हणाला, "तू माझ्या आयुष्यात आलीस, आणि –"

"हो बाबा," मी म्हणून गेले.

त्यानं कपबशी माझ्या हातात दिली आणि तो दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेला.

शुक्रवारी आमचा शेवटचा सिनेमा होता. मुलगी परगावी निघालेली, बाप गाडीपाशी उभा, आणि अकरा सेकंद तो पाठमोरा. पाठमोरा बाप म्हणजे संवादलेखिकेचं माहेर. ओठ दिसत नाहीत, काय हवं ते लिहा. मी लिहिलं, "जा. आभाळ तुझंच आहे." त्यानं ते छान म्हटलं. एरवी सगळे टेक ऐकून मी एक निवडते. पण बाबांना डोळे तपासायला न्यायचं होतं, म्हणून "तुम्हीच ठेवा एक" असं रेकॉर्डिस्टना सांगून मी निघाले.

रेकॉर्डिस्ट बावीस वर्षं या धंद्यात आहेत. ते आवाजाचा काटा बघतात, शब्द ऐकत नाहीत, आणि कोणी निवडून दिलं नाही तर शेवटचा टेक ठेवतात. काचेपलीकडे पिताश्रीला हे ऐकू गेलं नव्हतं; त्याला वाटलं, टेक नंतर मीच ऐकणार. मी गेल्यावर त्यानं आणखी एक दिला.

चॅनेलला घाई होती. रविवारी दुपारी सिनेमा लागला. बाबा पेपर वाचत होते, मी नखं कुरतडत होते. गाडी आली. बाप पाठमोरा झाला.

"जाऊ नकोस, असं मी कधीच म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण तुला चालणार असेल तर... मीही येतो तिकडे. माझं काय, बाप सगळीकडे लागतात."

पडद्यावरची मुलगी रडली. तिला तसंही रडायचंच होतं.

बाबांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढून पुसला.

"बोलला बरं हा माणूस," ते म्हणाले. मग जरा थांबून, "हाच ना तुला रात्रंदिवस फोन करणारा?"

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"स्पीकरवर ठेवून भाजी चिरतेस, मला ऐकू जातं. वय काय त्याचं?"

"एकतीस."

बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की पेपर उडाला. "अगं मग सांगायचं नाही का! दोन महिने झोप नाही मला. म्हटलं, पोरगी माझ्या वयाच्या माणसाच्या नादी लागली."

"तुम्ही विचारायचं ना, बाबा."

"काय विचारू? मला काही त्या सिनेमातल्यासारखं बोलता येतं का?" त्यांनी चष्मा चढवला. "जा त्याच्याकडे. आणि नोकरीला हो म्हण. मी माझं बघतो, मला भात लावता येतो."

मला ठाऊक होतं, त्यांना येत नाही. मी तरीही उठले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर म्हणाले, "चप्पल घाल आधी."

पिताश्री स्टुडिओच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. रविवारीही त्याचं रेकॉर्डिंग असायचं. मला बघून ताडकन उठला.

"माझी चूक झाली. मला वाटलं, तू ऐकशील आणि पुसून टाकशील..." आवाज खोल नव्हता, बारीकही नव्हता. नुसता खरखरत होता.

"काय झालं तुझ्या आवाजाला?"

"बसला. काल तीन बाप केले. एक सैन्यातला होता."

"घाबरला आहेस ना आत्ता?"

"प्रचंड."

"मग बोल. आता कुठलाच बाप मध्ये येणार नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांचं मी मघाशी राहू दिलं होतं, आताही राहू देते. घसा खाकरला, काही उपयोग झाला नाही, आणि त्या फुटक्या आवाजात तो म्हणाला, "तू मला फार आवडतेस. येऊ का तिकडे?"

ओठ कुठे मिटले, ते मी पहिल्यांदाच बघितलं नाही.

"ये," मी म्हटलं.

आम्ही तिकडे गेलो, लग्नही झालं. तिथल्या स्टुडिओत बापांचं काम पंचवीस वर्षं एकच गृहस्थ करत आहेत आणि त्यांची तब्येत उत्तम आहे. पिताश्री सध्या मगरींवरच्या माहितीपटाला आवाज देतो.