यंदा काही खरं नाही

चेंडू उल्काच्या पिशवीवर येऊन आदळला, तेव्हा पिशवीत अर्धा डझन अंडी, एक कोबी आणि कोथिंबिरीची जुडी होती. कोबी वाचला.

मार्चमधला रविवार होता. ब्रिस्टलच्या त्या पार्कवर सकाळपासून बारीक पाऊस चालू होता. छत्री उघडावी तर उगाच वाटेल आणि न उघडावी तर केस भिजतील, असा. उल्का ईस्टनमधल्या दुकानातून भाजी घेऊन हॉस्पिटलच्या क्वार्टर्सकडे निघाली होती आणि जवळची वाट म्हणून गवतातून आडवी आली होती. ती पिशवीत डोकावत असतानाच एक उंच मुलगा धावत आला. हिरवी टोपी, ओला अनोरॅक, हातात थर्मासचं झाकण. त्याने आधी चेंडूकडे बघितलं, मग चेंडू जिथून आला त्या दिशेला. मग तो स्वतःशीच मराठीत म्हणाला,

"झालं. यंदा काही खरं नाही."

"कोणाचं?" उल्काने विचारलं.

तो दचकला. आता कुठे त्याने तिच्याकडे नीट बघितलं, आणि बघतच राहिला.

"सॉरी. आय ॲम सो सॉरी. माझा चूक आहे."

"माझी," ती म्हणाली.

"नाही नाही, तुझी कशी? माझा."

उल्काला हसू आलं. चूक कोणाची हे ठरवण्यापेक्षा तिने पिशवी उलटी करून कोबी बाहेर काढला.

"तुम्ही फेकलात?"

"मी? मी नुसता बघतो. हे आमच्या नवीन पिचरने केलं. पिचर म्हणजे आपला बोलर समज. त्याला फेकायचं होतं तिकडे." त्याने बोट दाखवलं. बरोबर उलट्या बाजूला एक जाडा माणूस मोठा हातमोजा घालून उकिडवा बसला होता आणि हताशपणे आकाशाकडे बघत होता. "आणि सीझन पुढच्या महिन्यात सुरू होतंय."

"कसला सीझन?"

"बेसबॉल."

"इंग्लंडमध्ये?"

"बघ ना," तो म्हणाला. "इथूनच आमचे प्रॉब्लेम्स सुरू होतात."

त्याचं नाव चंद्रशेखर. घरी शेखर, फिल्टनच्या ऑफिसात, जिथे तो विमानांच्या पंखांची गणितं करायचा, तिथे 'शेक'. जन्म चेल्टनहॅमचा. वडील तिथे डॉक्टर. युनिव्हर्सिटीत असताना तो या संघाकडून, म्हणजे ब्रिस्टल हेरन्सकडून, दोन उन्हाळे खेळला होता. मग गुडघा गेला. संघ मात्र सुटला नाही. संघात एक पोस्टमन, एक बेकर, काही शिक्षक आणि घरी परतण्याच्या बेतात असलेला एक अमेरिकन विद्यार्थी होता. गेल्या वर्षी त्यांनी एकच सामना जिंकला होता, कारण समोरच्या संघाची व्हॅन मोटरवेवर बंद पडली.

उल्का मिरजेहून आलेली. एम.बी.बी.एस. तिकडचं, पुढच्या परीक्षा इथल्या. वृद्धांच्या वॉर्डात तिची सहा महिन्यांची नेमणूक होती. ती जुलैअखेर संपणार, मग दुसरं गाव. कोणत्याही गावात जीव फार अडकवायचा नाही, हे तिने इंग्लंडमधल्या पहिल्याच हिवाळ्यात ठरवून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी ती पार्कातूनच गेली. आडवाट जवळची होती, एवढंच कारण तिने स्वतःला दिलं.

तो अंडी घेऊन बसला होता. घडीच्या खुर्चीवर, मांडीवर खोका.

"अर्धा डझन फुटली, मी डझन आणली," तो म्हणाला. "उरलेली पुढच्या वेळी फोडायला."

"पिचर सुधारला नाही वाटतं?"

"सुधारला. आता फक्त डावीकडेच जातो बॉल. कन्सिस्टंट झालाय."

ती उभीच राहिली. त्याने थर्मासमधून चहा दिला. आल्याचा होता. आलं जरा जास्तच पडलं होतं, आणि ती ते बोलली नाही.

तिसऱ्या रविवारी तिथे दोन खुर्च्या होत्या.

"ही कोणासाठी?"

"पावसात बॅग ठेवायला."

"मग बॅग कुठाय?"

तो मैदानाकडे बघत राहिला. "आणली नाही," तो म्हणाला. उल्का खुर्चीवर बसली. बसल्यावर खुर्ची जरा त्याच्या बाजूला कलली. दोघांपैकी कोणी ती सरळ केली नाही.

त्याने तिला खेळ शिकवला. क्रिकेटसारखा, पण स्टंप नाहीत. धावायचं, पण गोल. तीनदा चुकलात की घरी. ती लवकर शिकली. हेरन्सना तेच शिकायला का जमत नाही, याची कारणं तो एकेक करून सांगे. कॅचरचे, म्हणजे त्या उकिडव्या बसणाऱ्या जाड्याचे, गुडघे. बेकर पहाटे उठतो, दुपारी पेंगतो. पोस्टमनला कुत्र्यांची भीती, आणि पार्कात कुत्री किती!

"डॉक्टर, प्रोग्नोसिस काय?" एकदा त्याने विचारलं.

पेशंट किती दिवस काढेल, हे नातेवाइकांना सांगणं उल्काचं रोजचंच काम होतं. तिने मैदानाकडे त्याच नजरेने बघितलं. अमेरिकन मुलगा टोलवत होता. पिचरचे दोन चेंडू सरळ गेले.

"पेशंट बरा होईल," ती म्हणाली. "यंदा निम्मे तरी जिंकाल तुम्ही."

त्याचा चेहरा उतरला.

"असं बोलू नको ना."

"का?"

"बोललं की होत नाही. परत घे. प्लीज."

"शब्द कसा परत घेणार?"

"आमची आई मिठमोहऱ्या ओवाळते. इकडे... लाकडाला हात लाव."

खुर्च्या ॲल्युमिनियमच्या होत्या. त्याने हात पुढे केला. हातात बेसबॉलची जुनी बॅट होती. तिने बॅटला हात लावला. बॅटीवर त्याचाही हात होता, तो त्याने काढून घेतला नाही.

हेरन्स पहिला सामना हरले. दुसरा जिंकले. तिसरा जिंकले, तेव्हा तर शेखर फार खचला. "आता सगळे आमच्यावर नजर ठेवणार," तो म्हणाला. जूनपर्यंत संघ तक्त्यात मधोमध आला होता आणि शेखरची झोप उडाली होती.

"तू आनंदी कधी होतोस?" तिने विचारलं.

"ऑक्टोबरमध्ये. तेव्हा सीझन नसतो."

जूनमध्येच तो तिला चेल्टनहॅमला जेवायला घेऊन गेला. 'आईने अळूवड्या केल्यात, संपवायला माणूस पाहिजे,' असं त्याने निमंत्रण दिलं होतं. त्याची आई मधुमती अंगणात गुलाबांना पाणी घालत होत्या. झाडं फुलांनी वाकली होती.

"किती सुंदर आहेत, काकू!"

"कसले गं. यंदा काही खरं नाही यांचं," काकू म्हणाल्या. "कीड लागणार. शेजारच्या जोन्सबाईंचे मात्र बघ, छान येतील."

कुंपणापलीकडे जोन्सबाईंच्या झाडांवर तीन रोडकी फुलं होती.

जेवताना उल्का ऐकत राहिली. घराचं छप्पर यंदाचा हिवाळा काढणार नाही. अळूवड्या बिघडल्यात. "आणि हे," काकू नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काही फार दिवस संसार करतील असं मला लग्नातच वाटलं नव्हतं." डॉक्टर सत्तावीस वर्षं संसार करून शांतपणे तिसरी अळूवडी घेत होते. शेजाऱ्यांचा मुलगा मात्र मोठा बॅरिस्टर होईल. पोस्टातली मुलगी नक्की सुखी होईल. परक्यांचं सगळं चांगलं होणार होतं.

परतताना गाडीत उल्का म्हणाली, "तुमच्या घरात आपल्या माणसाचं चांगलं बोलायला बंदी आहे का?"

"बंदी नाही," शेखर म्हणाला. "भीती आहे."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिला लेस्टरच्या हॉस्पिटलमधून फोन आला. रजिस्ट्रारची जागा, दोन वर्षांची. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. ब्रिस्टलमध्येही वॉर्डातलं कोणीतरी रजेवर जाणार होतं, त्या जागी सहा महिने अजून राहता आलं असतं. पण लेस्टरची नोकरी चांगली होती, हे तिला कळत होतं. तिला वेगळंच जाणून घ्यायचं होतं. या गावातून आपण निघालो, तर इथे कोणाचं काही बिघडणार आहे का... तेवढं कळलं की पुढचं सगळं तिला झेपणार होतं.

शनिवारी संध्याकाळी तिने त्याला हार्बरपाशी गाठलं आणि सांगितलं.

त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

"लेस्टर? ग्रेट," तो म्हणाला. "लेस्टर छान आहे. बेलग्रेव्ह रोडवर इंडियन सगळं मिळतं. अळू पण. लोक चांगले. तुझं खूप चांगलं होईल तिकडे. दोन वर्षांत तू कन्सल्टंटच्या रस्त्याला लागशील. नक्की."

"नक्की?"

"हंड्रेड परसेंट."

उल्काने मान हलवली. एवढं चांगलं तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. क्वार्टर्सवर पोचेपर्यंत तिला जोन्सबाईंची तीन रोडकी फुलं दिसत राहिली.

रविवारी सामना होता. तिच्या नेमणुकीतला शेवटचा. सेव्हर्न नदीपलीकडचा संघ आला होता. ऊन पडलं होतं. दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. ती बसली, पण खुर्ची सरळ करून.

"उद्या लेस्टरला हो म्हणून कळवतेय," ती म्हणाली.

"गुड. व्हेरी गुड."

"छान होईल ना तिकडे?"

"एकदम छान."

"शेखर, मी जोन्सबाईंचा गुलाब आहे का?"

त्याचा थर्मास हातातच राहिला. मैदानावर कोणीतरी जोरात टोला मारला, लोक ओरडले. लोक म्हणजे बेकरची बायको आणि तिची बहीण. शेखरने मान वळवली नाही. सबंध मोसमात त्याने न पाहिलेला तो पहिला टोला.

"परक्यांचं तुमच्या घरात नेहमी चांगलंच होतं," उल्का म्हणाली. तिचा आवाज वॉर्डातल्यासारखा सपाट होता. "काल माझं फारच चांगलं झालं. एवढंच विचारायचं होतं. असेन तर तसं सांग, मी चहा पिऊन जाईन."

त्याने झाकणात चहा ओतून तिला दिला. एक डाव संपला. खेळाडूंनी जागा बदलल्या. तिने चहा पिऊन टाकला. झाकण गवतावर ठेवलं आणि उठण्यासाठी खुर्चीच्या दांडीवर हात टेकला.

"आपलं काही खरं नाही," तो म्हणाला.

तिचा हात तिथेच राहिला.

"कोणाचं?"

"आपलं. तुझं आणि माझं. अजिबात काही खरं नाही." तो मैदानाकडे बघून भराभर बोलत होता, थांबला तर पुन्हा जमणार नाही अशा घाईने. "लेस्टर दोन-अडीच तास. माझी गाडी बर्मिंगहॅमपर्यंत पण टिकणार नाही. तुझ्या रविवारी ड्यूटी असणार. माझ्या रविवारी हे." त्याने मैदानावर हात फिरवला. "फोनवर माझा मराठी अजून खराब होतो. तिथे डॉक्टर लोक असणार, दोन्ही गुडघे चांगले असलेले. तू मला विसरणार. मग मी ऑक्टोबरमध्ये पण आनंदी नसणार. आणि आई... आईला तू इतकी आवडलीस, की ती त्या दिवसापासून म्हणतेय, ही मुलगी काही टिकायची नाही."

"अजून?"

"अजून म्हणजे... तू थंडीत आजारी पडशील. मी येईन तर उशिरा येईन. आपण भांडू. मी हरेन."

"अजून?"

"काल रात्री झोपलो नाही." त्याने आता तिच्याकडे बघितलं. "लेस्टरचं कौतुक करून माझ्या पोटात दुखत होतं."

उल्का खाली बसली. खुर्ची त्याच्या बाजूला कलली. तिने ती तशीच राहू दिली.

चांगलं काहीतरी बोलावं असं तिला फार वाटलं. पेशंट बरा होईल, असं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. सगळं नीट होईल, मी येत राहीन, दोन वर्षं म्हणजे काय... तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो श्वास रोखून बसला होता. मिठमोहऱ्या हातात घेतलेल्या बाईसमोर मूल बसतं, तसा.

"खरं आहे तुझं," ती म्हणाली. "फार तर दिवाळीपर्यंत चालेल."

त्याने श्वास सोडला.

"दिवाळीपर्यंत?" त्याच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. "मी तर गणपतीच धरून चाललो होतो."

"आणि लग्नाचं वगैरे तर नावच नको."

"शक्यच नाही."

"झालंच तर सगळ्यांच्या अळूवड्या बिघडतील."

"पाऊस पडेल. हॉलचं छप्पर गळेल."

"एकूण प्रोग्नोसिस वाईट," उल्का म्हणाली आणि त्याच्या खुर्चीशी पडलेली बॅट घेऊन बॅटीवर तळहात टेकला. तिच्या तळहातावर त्याने आपला हात ठेवला.

हेरन्स तो सामना जिंकले. हे त्यांना बेकरच्या बायकोने येऊन सांगितलं.

सोमवारी उल्काने लेस्टरला होकार कळवला. महिनाअखेर शेखर तिचं सामान पोचवायला आला, तेव्हा गाडीच्या टपावर एक घडीची खुर्ची बांधलेली होती.

"ही कशाला? लेस्टरमध्ये बेसबॉल आहे?"

"आहे," तो म्हणाला. दोरीची गाठ त्याने पुन्हा एकदा ओढून पाहिली. "आमच्यापेक्षा वाईट. तुला खूप आवडेल."

आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं, आणि घाबरून तो गाडीभर लाकूड शोधू लागला.