विणकर संस्थेचे सातवे कर्मचारी

विणकर संस्थेचं ऑफिस भंडाऱ्याच्या बाजारात, पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. दिवसभर खालून ठोके ऐकू येत. चंद्रकुमार जवळच्या शहापूरहून मोटारसायकलवर तिथे पोचला तेव्हा अकरा वाजले होते आणि संस्थेचे अध्यक्ष मधुकरराव जिन्यातच उभे होते.

"चंदूभाऊ, नवी वेबसाइट माह्या मोबाइलवर बरोबर दिसते, अन् ऑफिसच्या कम्प्युटरवर भलतीच दिसते. तीन वाजता नागपूरचे साहेब तपासणीले येऊन राहिले. ते इथंच बसून पाहतीन."

चंद्रकुमार मनातल्या मनात हसला. पंधरा वर्षं तो जिल्ह्यातल्या ऑफिसांची नेटवर्कं जोडत होता; हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. वेबसाइट ठेवलेली होती पुण्याच्या एका कंपनीच्या मशीनवर. पण ऑफिसातले कम्प्युटर कुठल्याही नावाचा पत्ता आधी ऑफिसातल्याच सर्व्हरला विचारत, आणि त्या जुन्या सर्व्हरच्या यादीत संस्थेच्या नावापुढे कुणीतरी कधीकाळी आतलाच पत्ता लिहून ठेवला होता. मग तो कुणाला बाहेर कशाला जाऊ देतो? यादीतली एक ओळ बदलली की झालं.

"दहा मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला आणि कम्प्युटरसमोर बसला.

वेबसाइट उघडली. खरं तर आतल्या पत्त्यावर वेबसाइटच नव्हती; काहीच उघडायला नको होतं, चूक दिसायला हवी होती. पण तेच हिरवं शीर्षक, तीच कोशाच्या रेशमी साड्यांची चित्रं. फक्त 'आमचे कर्मचारी' या पानावर मोबाइलवर सहा नावं होती आणि इथे सात. सातवं नाव लक्ष्मणराव, पत्रव्यवहार विभाग. फोटोची चौकट कोरी. खाली लिहिलं होतं: जागेवर आहेत.

"बाई, हे लक्ष्मणराव कोण?"

शकुनबाई संस्थेतल्या सर्वांत जुन्या कारकून. त्यांनी पाकिटावरून नजरही उचलली नाही. "पत्रं पाहतात."

"बसतात कुठं?"

"ते मले नाई माहीत. पन मानूस लय सज्जन आहे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन आठवड्यांपूर्वी बाईंनी ऑफिसला आलेल्या एका पत्राचा विषय सहज त्या पानावर, लक्ष्मणरावांच्या नावाखालच्या रकान्यात टाइप केला होता. दहा मिनिटांत प्रिंटरमधून उत्तर आलं, जावक क्रमांकासकट. अड्याळचा एक विणकर चार महिने सुताबद्दल विचारत होता. उत्तर मिळाल्यावर त्याने फोन करून आभार मानले.

"त्या पत्रात दिलगिरी व्यक्त केली होती," बाई म्हणाल्या. "तीस वर्सांत या ऑफिसातून असं पत्र गेलं नाई."

कुणाची तरी मस्करी, चंद्रकुमारने ठरवलं. त्याने तो आतला पत्ता तपासला. ऑफिसातल्या एकाही मशीनला तो दिलेला नव्हता. त्याने त्या पत्त्याला हाक, म्हणजे पिंग, पाठवली. पुण्याहून उत्तर यायला तीस-चाळीस मिलिसेकंद लागतात. हे एकाच्याही आत आलं.

म्हणजे जे काही होतं, ते याच खोलीत होतं.

त्याने केबल धरून शोध घेतला. एक निळी केबल लोखंडी कपाटामागे गेली होती. त्याने आणि उर्वशीने, म्हणजे तिथल्या कम्प्युटर ऑपरेटरने, कपाट सरकवलं. केबल जमिनीपासून वीतभर उंचीवर संपत होती. तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. सर्व्हरकडच्या दुसऱ्या टोकाचा दिवा मात्र लुकलुकत होता.

चंद्रकुमारने ते दुसरं टोकही उपटलं आणि पान पुन्हा उघडलं.

'जागेवर आहेत. कृपया कपाट पूर्ववत लावावे.'

खालचे ठोके थांबले होते. जेवणाची सुट्टी झाली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग दोघांनी कपाट जागेवर लावलं.

"राहू द्या ना जी," उर्वशी म्हणाली. "माही बारा पत्रं बाकी आहेत अजून."

"साहेबाले सांगू, नवीन भरती केली म्हनून," शकुनबाईंनी सुचवलं.

मधुकरराव मटकन खुर्चीत बसले. तो माणूस आहे की आणखी काही, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नव्हता. "मंजूर पदं सहाच आहेत, बाई. सातवा दिसला त माही चौकशी लागन. काढा त्याले."

"त्यांले," शकुनबाई म्हणाल्या.

चंद्रकुमारने सर्व्हरच्या यादीतली ती ओळ खोडली आणि पुण्याचा पत्ता लिहिला. सवयीप्रमाणे शेजारी तारीख, स्वतःचं नाव आणि बदलाचं कारण टाकलं. खरं कारण लिहावंसं वाटेना, म्हणून सरकारी कागदांत नेहमी दिसतं तेच लिहिलं: प्रशासकीय.

पान उघडलं. सहा नावं.

नागपूरचे साहेब साडेतीनला आले, पान पाहिलं, चिवडा खाल्ला, बरं म्हणाले आणि गेले. मधुकररावांनी चंद्रकुमारचा हात बराच वेळ धरून ठेवला. शकुनबाईंनी पत्रांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि पहिलं पाकीट फोडलं.

पाच वाजता चंद्रकुमार शहापुरात हायवेवरच्या आपल्या दुकानात परतला. त्याची बायको रीना शटरपाशी धान्य निवडत बसली होती.

"कोनी आलं होतं का?"

"कोनी नाई. तुमचा प्रिंटर मात्र आपल्याआपन सुरू झाला. कागद काढून ठेवला पाहा टेबलावर."

त्याने कागद उचलला.

'रुजू अहवाल. प्रशासकीय कारणास्तव झालेल्या बदलीनुसार मी आज मध्यान्हानंतर आपल्या कार्यालयात रुजू होत आहे. पत्रव्यवहाराचे काम पाहीन. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. आपला, लक्ष्मणराव.'

खाली डाव्या कोपऱ्यात हाताने लिहिलं होतं: रुजू करून घेतले.

सही चंद्रकुमारची होती. शेवटच्या अक्षराची लांब शेपटी, तिच्याखाली दोन टिंबं, तो नेहमी करतो तशीच.

त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला निळी शाई लागली.