कृपया खुलासा करावा

“मूळ सूर सोडून द्या... मूळ सूर सोडून द्या... मूळ सूर सो...”

शिवणयंत्रावरचा तिचा पाय थांबला. भिंतीपलीकडच्या खोलीत टॅबलेटवर तिची पोटची लेक एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि दर वेळी तिला अर्ध्यात तोडून मास्तर व्हिडिओ मागे नेत होते. जिचं नाव या घरात काढायचं नाही असं मास्तरांनी स्वतः ठणकावलं होतं, तिचाच आवाज सकाळपासून घरभर घुमत होता... आणि तिने मात्र तो ऐकूच येत नाही असं सोंग आणून कपडे शिवत बसायचं! म्हणे, सगळ्या घरांना चार भिंती असतात. या घराला भिंती होत्या, पण डोकं फोडून घ्यायला एकही मोकळी नव्हती. रागाच्या भरात तिने एका गिऱ्हाइकाच्या कोटाला डाव्या बाजूला उजवी बाही जोडली, आणि मग स्वतःवरच चरफडत टाके उसवायला घेतले.

तिचा नवरा आयुष्यभर शाळेत पियानो शिकवत आला होता. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं आणि त्यांच्या मागे तीही म्हणायची. कागदावर आहे ते वाजवायचं, नाही ते वाजवायचं नाही, हा मास्तरांचा एकच धर्म. त्यांच्या हाताखाली शेकडो मुलं परीक्षा पास झाली, पण बोटांत जन्मतःच सूर घेऊन आलेली अशी एकच निघाली, आणि ती त्यांचीच लेक. बाप-लेक पियानोपाशी बसले की जेवायला हाका मारून मारून तिचा घसा बसायचा. आणि मग शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात, भरल्या सभागृहासमोर, नेमून दिलेला तुकडा वाजवता वाजवता लेकीची बोटं मध्येच कागद सोडून भलतीकडे निघाली. काय निघाली म्हणून सांगावं! संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्या तिच्याही अंगावर काटा आला... त्या भरात लेकीचा एक सूर चुकला, ती अडखळली, आणि पहिल्या रांगेतले मास्तर उठले, मंचावर गेले, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी पियानोचं झाकण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक बॅग घेऊन दारात उभी होती. आई, तूपण चल, म्हणाली. आईचा जीव तिच्याबरोबर गेला, पण पाय उंबऱ्याच्या आतच राहिले, कारण आत बसलेल्या त्या ताठ माणसाला साधं दूध तापवता येत नव्हतं. लेकीने तिच्याकडून एक शब्द घेतला. फोनवर बाबांचा विषय काढायचा नाही, काढलास तर मी फोन ठेवीन. तिने शब्द दिला. तेव्हापासून मास्तर दुपारी शाळेत किंवा फिरायला गेले की मायलेकी जगातल्या यच्चयावत विषयांवर बोलत आल्या होत्या, आणि त्यात एवढा एक माणूस सोडून सगळे येत होते.

मास्तर निवृत्त झाले. दिवस खायला उठला. कसलं हे जाझ-फाझ, बघू तरी लोक काय शिकवतात, असं म्हणत त्यांनी टॅबलेटवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली, ती शिव्या देण्यासाठीच. आणि एक दिवस ती चहा घेऊन आत गेली तर मास्तरांनी टॅबलेटवर घाईघाईने वर्तमानपत्र टाकलं. पण लेकीचा आवाज कसा झाकणार? तिने वर्तमानपत्र उचललं. पडद्यावर चेहरा नव्हताच, वरून दिसणारे फक्त दोन हात होते, आणि डाव्या हाताची करंगळी आतल्या बाजूला किंचित वळलेली होती, थेट मास्तरांच्या करंगळीसारखी. मास्तरांनी नजर वळवली आणि हलक्या आवाजात बजावलं की तू काही ऐकलंच नाहीस, आणि लेकीला तर हे कळताच कामा नये, कळलं तर मी पियानोला हात लावणार नाही. तिने त्यांनाही शब्द दिला. दुसरं काय करणार होती? या घरात शब्द देण्यापुरतंच तिचं तोंड उरलं होतं.

तिथून तिच्या कमनशिबाचा खरा खेळ सुरू झाला. कारण मास्तर नुसते बघून गप्प बसणारे नव्हते! ‘एक विद्यार्थी’ असं नाव घेऊन ते प्रत्येक व्हिडिओखाली पत्र लिहायचे. ‘सदर पाठात आपण सातवा सूर असे म्हणालात, तथापि आपले बोट सहाव्यावर होते. कृपया खुलासा करावा.’ ‘स्वैर वादन हे कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर दिले आहे? कृपया खुलासा करावा.’ आणि दुपारी फोनवर लेक कपाळाला हात लावायची. आई, एक माणूस आहे, मी त्याचं नाव खुलासे ठेवलंय, त्याने माझं डोकं खाल्लंय! आज विचारतोय, मनाला येईल ते वाजवायचं तर मनाला काय यावं हे आधी कोण ठरवतं? ती मिठाची गुळणी धरून ऐकायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एकदा तिच्या तोंडून निसटलंच, असेल बिचारा म्हातारा, एकटा वेळ काढत असेल. लेक म्हणाली, म्हातारा कशावरून? ती गडबडली, मेलं आपलं असंच म्हटलं, म्हणाली. मग लेकीने भलतंच विचारलं. अशी माणसं दिवसभर वाजवत बसतात तर वेळेवर जेवतात का गं? ती म्हणाली की ताट समोर ठेवलं तर जेवतात. हे बोलणं तिला तेव्हा विचित्र वाटायला हवं होतं, पण भीती एवढी होती की विचार करायला जागाच नव्हती.

मास्तरांचं घोडं अडलं होतं ते त्या मूळ सुरावर. जाझमधली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा सुरांचा झुबका, डाव्या हाताने धरताना तिचा पहिला, पायाचाच सूर सोडून द्यायचा आणि तिसरा, पाचवा, सातवा, नववा तेवढे धरायचे, असं लेक सांगत होती. मास्तरांचा हात काही तो सूर सोडेना. पायाच काढला तर इमारत राहील कशी, कृपया खुलासा करावा! त्यावर आलेलं लेकीचं उत्तर मास्तरांनी मोठ्याने वाचलं, नेहमीच्या सवयीने, शेजारच्या खोलीत बायको आहे याची पर्वा न करता. मूळ सूर खाली बेस, म्हणजे खर्जाचं वाद्य, वाजवणारा साथीदार सांभाळत असतो, लेकीने लिहिलं होतं. तो इतका पक्का असतो की ऐकणाऱ्याचं त्याच्याकडे लक्षही जात नाही, आणि तो खाली आहे म्हणून तर वरच्यांना हवं तिथे भटकता येतं.

हे ऐकून तिचं मस्तकच फिरलं. वा गं वा! भटका, खुशाल भटका दोघं! एक मंचावरून भटकली, एक म्हातारपणी भटकतोय, आणि खाली एकाच जागी उभं राहून धरून ठेवायचं कोणी? तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं की दुःखाचं हे तिलाही कळलं नाही. बोलायची मात्र सोय नव्हती, कारण ती तर हे ऐकतच नव्हती ना! तिने यंत्र एवढ्या जोरात चालवलं की दोरा तुटला.

मग तो पाठ आला. लेकीने सगळ्या विद्यार्थ्यांना सांगितलं की एक लहानसा तुकडा वाजवून पाठवा, तुमचा स्वतःचा. लिहून ठेवायचा नाही, पाठ करायचा नाही. चुकला तरी तसाच पाठवा.

मास्तर पियानोपाशी बसले. एक सूर वाजवला... आणि थांबले. उठले, पाणी प्यायले, परत बसले. असे कित्येक दिवस गेले. पुढे पुढे तर एक सूरही येईना. जो दणदणाट बंद व्हावा म्हणून तिने मनातल्या मनात नवस केले होते, तो थांबल्यावर ते घर तिला खायला उठलं. एके सकाळी तिने आत डोकावून पाहिलं तर झाकण बंद होतं, टॅबलेट कपाटात गेला होता आणि मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

“मला नाही जमणार,” तिच्याकडे न बघता ते म्हणाले. “माझ्यात माझं असं काही नाहीच गं. जन्मभर दुसऱ्याने लिहिलेलं वाजवलं. तिने त्या दिवशी सगळ्यांसमोर जे केलं ना... ते मला बंद खोलीत एका ओळीपुरतंही येत नाही.”

तिचं काळीज गलबललं. हे सांगा ना तिला, असं तिच्या ओठांवर आलं. चारच वाक्यं, पण ती ऐकण्यासाठी त्यांच्या लेकीने किती वर्षं वाट पाहिली होती! पण इकडे एक शब्द, तिकडे एक शब्द... आणि दोन्हीमध्ये ती, इकडे आड तिकडे विहीर. ती नुसता चहाचा कप ठेवून परत आली.

त्या दुपारी मास्तर फिरायलाही गेले नाहीत. फोन वाजला तेव्हा ती दार लोटून घेऊन दबक्या आवाजात बोलू लागली. लेक आज काही विषयावर येईना. हवा कशी आहे, कपड्यांची गिऱ्हाइकं कशी आहेत, तुझी कंबर कशी आहे, असं सगळं विचारून झालं. मग ती म्हणाली,

“आई, खुलासे हल्ली दिसत नाहीत.”

“हं.”

“कुठल्याच व्हिडिओखाली काही लिहिलं नाही.” लेकीचा आवाज बारीक झाला. “बरे आहेत ना?”

तिच्या हातातली कात्री तशीच राहिली. व्हिडिओखाली लिहिणारा कोण कुठला माणूस बरा आहे की नाही, हे ही आपल्याला का विचारते आहे?

“कोण बरे आहेत ना?” तिने विचारलं.

“बाबा,” लेक म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवसापासून. कृपया खुलासा करावा असं जगात दुसरं कोण म्हणतं, आई? लहानपणी मला घरी यायला उशीर झाला की दारात उभं राहून हेच तर म्हणायचे.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“कशी बोलणार? त्यांचा विषय काढायचा नाही, असं मीच म्हटलं होतं ना...” आता लेकीला हुंदका आवरेना. “खुलासेंचं गाऱ्हाणं केलं की तेवढंच तू काहीतरी बोलायचीस. जेवतात, असं म्हणालीस... मला तेवढं कळलं तरी दिवस बरा जायचा.”

आता मात्र तिच्या सहनशीलतेचा बांध फुटला. म्हणजे हिला ठाऊक, त्यांना ठाऊक, आणि दोघांची गुपितं उरावर घेऊन जीभ चावत फिरणारी तेवढी ती खुळी! दोन माणसं एकमेकांसाठी झुरत होती, आणि शपथा मात्र तिला घालून ठेवल्या होत्या! “फोन ठेवू नकोस,” एवढंच ती म्हणाली, आणि मांडीवरचे कपडे लोटून तशीच ताडताड मास्तरांच्या खोलीत गेली.

तिने पियानोचं झाकण उघडलं. आजवर तिने त्याला फडक्याशिवाय हात लावला नव्हता. मास्तर दचकून उभे राहिले.

“बसा इथे,” ती म्हणाली. “लेक फोनवर आहे. तुम्ही कोण ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमच्या दोघांची सोंगं सांभाळता सांभाळता माझी हाडं झिजली. तुम्हा दोघांना दिलेले शब्द मी आज मोडले, आता मला काय शिक्षा करायची ती दोघांनी मिळून ठरवा.”

आणि तिने फोन पियानोवर ठेवून दिला.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्या वर्षांनी लेकीशी काय बोलायचं, हेही कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. मास्तर बसले. त्यांनी बोटं पट्ट्यांवर ठेवली... आणि वाजवायला लागले. अडखळत, चाचपडत, अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखे. एक सूर, मग त्याला शोधत आलेला दुसरा. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण हे कोणी लिहून दिलेलं नाही एवढं नक्की कळत होतं. आणि मग एक सूर कचकन चुकला. मास्तरांनी चटका बसल्यासारखे हात वर घेतले, आणि त्यांचा उजवा हात आपोआप झाकणाकडे गेला.

“थांबू नका, बाबा,” फोनमधून आवाज आला.

“चुकलं,” मास्तर म्हणाले.

“ऐकलं मी. पुढे वाजवा.”

“अगं, पण चुकलं...”

“चुकलं तिथूनच पुढे जायचं. जा ना, मी ऐकतेय.”

मास्तरांचा हात झाकणावरून खाली आला. त्यांनी तोच चुकलेला सूर पुन्हा वाजवला, मुद्दाम, आणि त्याच्या पाठीमागे आणखी चार सूर धाडले, आणि काय झालं कोण जाणे, पण तो चुकीचा वाटेना. वाजवता वाजवता त्यांच्या गालांवरून पाणी ओघळून करंगळीवर पडत होतं आणि ते पुसायला ते थांबत नव्हते.

“त्या दिवशी,” मास्तर म्हणाले, “मी तुला थांबवायला नको होतं.”

“हो,” लेक रडत म्हणाली. “नकोच होतं.”

एवढं ऐकलं आणि दाराशी उभ्या असलेल्या तिचा इतक्या वर्षांचा आवळून धरलेला हुंदका फुटला. साधासुधा नव्हे, चांगला घर दणाणून सोडणारा! ती नाक ओढत, उसासे टाकत, देवाला आणि दोघांना शिव्या देत मोठमोठ्याने रडायला लागली, आणि त्या कोलाहलात मास्तरांचे सूर लेकीला ऐकू येईनात, आणि लेकीचे शब्द मास्तरांना.

“अगं, जरा गप्प बस ना!” मास्तर म्हणाले.

“आई, जरा गप्प बस ना!” त्याच क्षणी लेक म्हणाली.

बाप-लेकीचं किती वर्षांनी एकमत झालं होतं, आणि ते झालं होतं तिला गप्प बसवण्यावर. तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले आणि ती गप्प बसली.