‘बघू’ म्हणणारं घर

तिने बेल दाबली. दार उघडलं ते एका डोळ्याला भिंग लावलेल्या तरुणाने. हातात स्क्रूड्रायव्हर, ओठांत चष्म्याचा चिमुकला स्क्रू. तिला पाहून तो हसला आणि स्क्रू पडला. मग दोघंही उंबरठ्याशी गुडघे टेकून फरशी चाचपू लागली. स्क्रू सापडला तिलाच... पण आपण इथे कशाला आलो, हेच ती क्षणभर विसरली.

मग आठवलं. राज्यातल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने उपचार मिळावेत, असा कायदा यायचा होता. त्याला लोकांचा पाठिंबा मिळवायला ती घरोघर फिरत होती. सकाळी प्रयोगशाळेत रक्त तपासायचं, संध्याकाळी लोकांच्या बेल वाजवायच्या. सोबतचे तिला ‘घंटी’च म्हणत. तिने कायदा समजावला. चष्मेवाल्याने – खालीच त्याचं दुकान होतं – मन लावून ऐकलं आणि म्हणाला, “बघू.”

मोहिमेचा नियम साधा होता. ‘हो’ म्हणणाऱ्याकडे परत जायचं नाही, ‘नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालायचा नाही. परत जायचं ते फक्त ‘बघू’ म्हणणाऱ्या घरी. म्हणून ती गेली. त्याने विचारलं, पैसा कुठून येणार? तिने सांगितलं. पुढच्या खेपेला विचारलं, दवाखान्यांत गर्दी नाही का होणार? तेही सांगितलं. शंका एकाहून एक सरस, पण त्या विचारताना त्याची नजर मात्र... एकदा जिना चढता चढता ती केस सारखे करू लागली आणि तिचं तिलाच हसू आलं.

“तुम्हाला पटवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं आहे,” ती म्हणाली.

“दगड कुठे पळून जातोय? तुम्ही येत राहा.”

मोहीम चालवणाऱ्या निवृत्त सिस्टर मात्र कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. एखादं घर बधत नसेल तर माणूस बदलायचा, म्हणून त्यांनी बसड्रायव्हर काकांना तिकडे धाडलं. काका गेले तसे आले.

“अगं घंटी, तो तर पहिल्या दिवसापासून आपलाच आहे. उलट मलाच विचारतो, त्या का नाही आल्या?”

सगळे खो खो हसले. ती नाही हसली. विधानसभेतल्या आपल्या भागाच्या प्रतिनिधीबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, मोहिमेच्या रविवारच्या सभेला माणसं दिसली तरच मी कायद्याच्या बाजूने मत देईन. आणि इथे चष्मेवाल्याच्या शंका फेडता फेडता मागची गल्ली तशीच राहिली होती.

ती तरातरा जिना चढली.

“माझ्या बाबांनी छातीतलं दुखणं वर्षभर लपवलं, खर्च नको म्हणून. मी त्यांच्यासाठी फिरते. आणि तुला गंमत सुचते? तुझ्यापायी अख्खी गल्ली राहिली माझी.” रागात ती ‘तू’वर कधी आली, दोघांनाही कळलं नाही.

त्याने भिंग काढून ठेवलं. सबब सांगितली नाही.

“चुकलो. ती गल्ली मला दे.”

“तुला काय जमणार?”

“तुझी सगळी उत्तरं पाठ आहेत मला.”

दुकानाला कुलूप लावून तो खरंच फिरला. तोंडावर दारं आपटली गेली, एक कुत्रा मागे लागला, एका आजींनी तर तो चष्मे विकायला आलाय असं समजून भावच विचारले. समोरच्या गल्लीतून ती चोरून पाहत होती. पायरीवर बसून तो कुणाचं तरी दुखणं ऐकत होता... मान खाली घालून, मुकाट. तिचा राग कधी विरघळला, कुणास ठाऊक.

रविवारी हॉलमध्ये बाबा पुढच्या रांगेत आणि मागे रिकाम्या खुर्च्या. प्रतिनिधीबाईंनी घड्याळ पाहिलं. ती उठून दाराशी गेली. तेवढ्यात कोपऱ्यावरून ती गल्ली आली – शिंपी, त्याची बायको, काठी टेकत त्या आजी, एकामागून एक – आणि शेवटी कुणाची तरी चाकाची खुर्ची ढकलत, घामाघूम चष्मेवाला. हॉल भरला, खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं बसली. प्रतिनिधीबाई बराच वेळ एकेकाचं ऐकत राहिल्या. मग उठून म्हणाल्या, माझं मत कायद्याला.

हॉल दणाणला. त्या गदारोळात तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

“शंका सगळ्या खोट्या होत्या,” तो म्हणाला. “पण... तू मला आवडतेस, हे खरं आहे.”

तिने आजूबाजूला पाहिलं. “हे इथे सांगतोस? एवढ्या माणसांत?”

“एकटीला सांगायचा धीर झाला नाही.”

ती हसली. त्याचा हात घट्ट धरला आणि गर्दीतून वाट काढत त्याला पुढच्या रांगेकडे ओढू लागली.

“अगं... आत्ताच?” त्याचा चेहरा उतरला.

“आत्ताच. बाबा आज खुशीत आहेत.”