व्हॅलेटा तोंडपाठ

"माल्टाची राजधानी व्हॅलेटा. क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरहूनही कमी. वस्ती... वस्ती..."

कामावरून, मनामाहून सनदला घरी नेणाऱ्या बसमध्ये मी डोळे मिटून पुटपुटत होते. वस्ती काही केल्या आठवेना.

"सहा हजारांच्या आसपास," पुढच्या सीटवरून आवाज आला. तोही मराठीत!

मी डोळे उघडले. मागे वळलेला सावळा चेहरा, कंपनीचा निळा शर्ट, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

"लोकांचं चोरून ऐकता का तुम्ही?"

"चोरून कुठे? अख्खी बस ऐकतेय. समजतंय फक्त मला."

त्याचं नाव नायजेल, गाव गास. मी हॅझेल, निर्मळची. दोन्ही गावं वसईतली, एकमेकांच्या शेजारची. आणि ओळख व्हायला बहरीनची बस लागली!

मी मनामाच्या जुफैर भागातल्या एका हॉटेलात फ्रंट डेस्कवर होते. आमच्या मालकांचं नवं हॉटेल व्हॅलेटात उघडणार होतं आणि तिथल्या डेस्कसाठी आमच्यातल्या एकीची निवड व्हायची होती. मुलाखत व्हिडिओवर, आमच्या हॉटेलच्या ऑफिसातून. समोरच्याला पाहुणा समजून शहराची ओळख करून द्यायची. जे शहर मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं! नुसत्या विचाराने जेवण जात नव्हतं, झोप लागत नव्हती.

"मी राहिलोय तिथे," नायजेल म्हणाला. तो जहाजदुरुस्तीचा इंजिनिअर. बहरीनला येण्याआधी व्हॅलेटाला लागून असलेल्या ग्रँड हार्बर बंदरात त्याने काम केलं होतं. "शिकवू?"

"फी?"

"करक चहा. वेलची जास्त."

मग सनदच्या चहावाल्याकडे, त्या घट्ट दुधाळ करकच्या घोटांबरोबर, फुटपाथवरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांत आमची शाळा भरू लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

"तुर्कांचा वेढा उठला १५६५ मध्ये. दुसऱ्याच वर्षी ला व्हॅलेट नावाच्या सरदाराने उघड्या टेकडीवर शहराचा पाया घातला. म्हणून नाव व्हॅलेटा. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. का?"

"दिसायला सुबक म्हणून?"

"समुद्राचा वारा गल्लीगल्लीत खेळावा म्हणून. असं म्हणतात. आणि घरांना लाकडी बाल्कन्या, रंगीत, चारी बाजूंनी बंद. आतल्या बाईला सगळा रस्ता दिसतो, ती मात्र कुणाला दिसत नाही."

"मला आवडेल तिथे बसायला."

"मला नाही आवडणार. तू दिसलीच नाहीस तर..." तो थांबला आणि चहा ढवळत बसला. साखर केव्हाच विरघळली होती.

एकदा भाषेचा धडा निघाला. माल्टीज म्हणजे अरबीच्याच कुळातली भाषा, पण लिहितात रोमन लिपीत. "इथे सूर्याला शम्स म्हणतात, तिथे शेम्श. इथे काळजाला गल्ब. तिथे पहिलं अक्षर गिळून टाकतात. आल्ब!"

"म्हणजे तिथे गेलं की काळजातलं काहीतरी गळून पडतं तर!"

मी गमतीत बोलले होते. तो हसला नाही.

त्या संध्याकाळपासून माझी भीतीच बदलली. आधी वाटायचं, निवड झाली नाही तर? आता उशीला डोकं टेकलं की वाटायचं... झाली तर?

मुलाखतीच्या दुपारी पाऊस आला. बहरीनला पाऊस म्हणजे तासाभराची गंमत, पण पाणी वाहून जायला गटारं कमी, रस्त्यांची तळी होतात. नायजेल सुट्टी टाकून मला हॉटेलपर्यंत सोडायला निघाला होता. सनद सोडतो न सोडतो तोच बस थांबली. ड्रायव्हरने हात वर केले, "खलास! आगे रास्ता मफी." पुढे रस्ताच नाही.

मी घड्याळ पाहिलं. हॉटेल गाठणं शक्यच नव्हतं.

"राहू दे, नायजेल. नशिबातच नाही," मी म्हटलं.

माझ्या आवाजात सुटका होती. ती त्याला ऐकू आली असणार. त्याने काचेवरची वाफ पुसून बाहेरचा कोपरा पाहिला. मग एकदम उठला.

"उतर."

"कुठे? गुडघाभर पाणी आहे!"

"उतर म्हणतो ना!"

चपला हातात घेऊन आम्ही पाणी तुडवत कोपऱ्यावरचं किराणा दुकान गाठलं. मालक यासीनभाईंनी तांदळाच्या गोण्यांवर पुठ्ठा अंथरून दिला. मी त्यावर बसले, केसांतून पाणी निथळत होतं. नायजेलने त्याच्या फोनवरून इंटरनेट दिलं, मुलाखतीची लिंक माझ्या फोनवर उघडली आणि तो माझ्यासमोर धरून उभा राहिला.

पडद्यावरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "एका दुपारीत पायी फिरून संपेल एवढं हे शहर. माणसाने तिथे मुक्काम का करावा?"

सनावळ्या, सरदार, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. मी नायजेलकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता.

"घाबरलेल्या माणसाला लहान शहर बरं वाटतं, मॅडम," मी म्हटलं. "तिथे चुकलं तरी हरवत नाही. कुठलाही रस्ता धरा, शेवटी समुद्र दिसतो. मी पाहुण्यांना म्हणेन, पहिल्या दिवशी नकाशा घेऊच नका."

बाई हसल्या. पुढचं मी काय बोलले, आठवत नाही. आठवतं एवढंच, की फोन हलत होता.

"छान बोललीस," फोन बंद झाल्यावर तो म्हणाला.

"मग फोन का हलत होता?"

"भिजलोय ना... थंडी."

"नायजेल!"

"तू जाणार, हे कळलं मला. तेव्हाच."

"मग उतरवलंस कशाला? मला नव्हतं उतरायचं!"

"माहीत होतं." तो गोण्यांकडे बघून बोलत होता. "भीतीपोटी थांबली असतीस तू. आणि मी वेडा, ते प्रेम समजून बसलो असतो."

"आणि दोन्ही असेल तर?"

त्याने मान वर केली. यासीनभाई गल्ल्यामागून खोकले आणि टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

निवड झाली. व्हिसा लांबला, मग तोही आला. निघायच्या सकाळी विमानतळावर त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता.

"पासपोर्ट?"

"आहे."

"जॅकेट? तिथे वारा बोचरा असतो."

"नायजेल, हे सगळं तू गाडीत विचारलंस."

"मग एक राहिलंय." तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "माझ्या तिथल्या जुन्या साहेबांना फोन केला होता. अर्ज पाठव म्हणाले. होईलच असं नाही, वेळही लागेल... पण घर शोधशील ना, ते दोघांना पुरेल असं बघ."

"आणि आईला काय सांगू?"

"सांग, गासचा एक मुलगा नाताळात निर्मळला येणार आहे. आईवडिलांना घेऊन."

मी बॅग तिथेच सोडली आणि त्याच्या छातीवर डोकं टेकलं. आत नुसता धडाका चालू होता.

"घाबरलायस?"

"खूप. तू?"

"मीसुद्धा," मी म्हटलं. "घर मोठंच बघते."