मांजरांची पंगत

मांजरांपुढे आम्ही दोघे एकदमच वाकलो. माझ्या हातात रुमालात गुंडाळलेली सशाची तंगडी होती, त्याच्याही हातात तेच. हॉटेलच्या मागच्या अंगणात भुरभुर पाऊस पडत होता आणि मांजरं आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"तुम्ही तर आत बोटं चाटत होता..." तो म्हणाला.

"नाटक होतं. आणि तुम्ही?"

"मी... या हॉटेलमालकाचा मुलगा."

मला इतकं हसू आलं की तंगडी चिखलात पडली. मांजरांचं त्याने काही अडलं नाही.

त्याचं नाव विजी. आमच्या माल्टात रविवारी दुपारी मित्रमैत्रिणींनी जमून ससा खाल्ला नाही, तर तो रविवारच नव्हे. त्यात इम्जार गाव सशासाठीच प्रसिद्ध, आणि तिथे विजीच्या पप्पांच्या, चेन्सूकाकांच्या हाताला तोड नाही. मी मात्र ससा खात नाही. लहानपणी आमच्या गच्चीवर ससे होते, त्यांची नावं मी ठेवली होती, आणि एका रविवारी त्यांतली माझी झीझी रश्श्यात आली. हे माझ्या मैत्रिणीला, जोसिआनला सांगितलं असतं, तर तिने माझ्या लग्नातसुद्धा ते सर्वांना ऐकवलं असतं. विजीची गोष्ट माझ्याहून अवघड होती. तो रांधायचा उत्तम, पण लहानपणापासून ससा त्याच्या घशाखाली उतरत नव्हता. पप्पांना कळलं तर ते स्वयंपाकघर आपल्या हाती देणार नाहीत, याची त्याला धास्ती होती. त्याला तर दुसरं काही करायचंच नव्हतं.

कुणाला सांगायचं नाही, अशी आम्ही एकमेकांना शपथ घातली. मग दर रविवारी माझी थाळी निराळी यायला लागली. वर रस्सा, बटाटे, वाटाणे, आणि खाली मांस शोधून सापडायचं नाही! थाळी ठेवताना विजी माझ्याकडे बघायचाही नाही. पण त्याचे कान लाल व्हायचे, आणि मी त्या कानांची आठवडाभर वाट बघायला लागले.

"तू नक्की ससाच खायला येतेस ना गं?" जोसिआनने एकदा विचारलं. मी पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

मग तो रविवार आला. चेन्सूकाका भलंमोठं ताट घेऊन आमच्या टेबलाशी आले, मागे विजी. आजचा ससा सगळा पोराने केलाय, उद्यापासून चूल त्याची, असं त्यांनी सगळ्या हॉटेलला सांगितलं. टाळ्या पडल्या. मग त्यांनी लसणात आणि वाइनमध्ये परतलेला तुकडा काट्याला टोचून विजीपुढे धरला. त्यांच्या वडिलांनी त्यांना असाच सर्वांसमक्ष पहिला घास खायला लावला होता म्हणे.

विजीचं तोंड पांढरंफटक पडलं. काटा हवेतच राहिला. मला ते बघवेना.

"काका, तो घास मला हवाय," मी म्हणाले. "विजीने मला कबूल केलाय."

मी काटा घेतला. लसणाचा वास नाकात शिरला आणि झीझीचे लांब कान डोळ्यांपुढे आले. डोळे मिटून मी तोंड उघडलं... आणि माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं.

"नको," विजी म्हणाला. आवाज कापत होता, हात नव्हता. "पप्पा, ही ससा खात नाही. आणि... मीही खात नाही. कधीच नाही."

जोसिआनचा घास तोंडातच राहिला. चेन्सूकाकांनी माझ्या हातातला काटा काढून घेतला, तो तुकडा स्वतः खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिले.

"तरीच मांजरं एवढी माजलीत," ते शेवटी म्हणाले. "मग न चाखता मीठ बरोबर पडतं कसं रे?"

"वासावरून."

"हं." त्यांनी काटा पुसला आणि ॲप्रन सोडून विजीच्या खांद्यावर टाकला. विजीने तो एका हातानेच सावरला. त्याचा दुसरा हात अजून माझ्या मनगटावरच होता. ते काकांनीही पाहिलं.

"पोरी, हा हात सोडत नाहीये. सोडवून देऊ का तुला?"

"राहू द्या, काका," मी म्हणाले.