पहिला इंच

बारकीने दार ढकललं आणि तिच्या घरात एक पुरुष पालथा पडलेला दिसला.

तिचं घर म्हणजे... अजून तिचं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या जुन्या फ्लॅटचा बयाणा देऊन झाला होता, बँकेत कर्जाचा अर्ज गेला होता, आणि दलालाने "हवं तेव्हा येऊन बघत जा" म्हणून चावी दिली होती, बस. पण मनातल्या मनात तिने पडदेसुद्धा लावून टाकले होते. खिडकीपाशी एक टेबल, एक खुर्ची, चहाचा कप आणि आपण. आणि आता त्याच खिडकीखाली फरशीला गाल टेकवून, एक डोळा मिटून, कुणीतरी भिंतीच्या कडेने बघत होतं.

"अहो! उठा आधी. हे घर गेलंय."

"कुठे गेलंय?" तो पडल्या पडल्याच म्हणाला.

"विकलं गेलंय. मी घेतलंय. दुसरं गिऱ्हाईक म्हणून आला असाल तर आल्या पावली परत जा."

तो उठला. एका गालाला धूळ, केसांत चुन्याचा कण, आणि चेहऱ्यावर अजिबात न शोभणारा गंभीरपणा. "बँकेने पाठवलंय मला. तुम्हाला कर्ज द्यायचं तर घर तेवढ्या किमतीचं आहे का, हे मोजून लिहून द्यायचं असतं. ही भिंत बघत होतो. जराशी..."

"पाव इंच बाहेर आलीये. खिडकीपाशी."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मला त्यासाठी लोळावं लागलं. तुम्हाला दारातून दिसलं?"

"मी कवळ्या बनवते. माझ्याकडे पाव इंच चुकला तर माणसाचं तोंड मिटत नाही."

"तुमचं तरी कुठे मिटतंय," तो हळूच म्हणाला, आणि मग स्वतःच दचकला. बारकीला खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. हसू आलं, आणि ते तिने खिडकीकडे तोंड करून लपवलं.

मोजणीवाल्याने पिशवीतून मुठीएवढं यंत्र काढलं, ज्याचा लाल ठिपका भिंतीवर पडला की अंतर आपोआप कळतं. त्याने ते उलटसुलट केलं, तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "अरेच्चा... बॅटरी संपली वाटतं." मग पिवळी कापडी टेप निघाली. "गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं खरं तर... पण जरा टोक धराल?"

तिने धरलं. हॉल झाला, दोन खोल्या झाल्या, स्वयंपाकघर झालं. टेपच्या या टोकाला ती, त्या टोकाला तो. ती टोकाची कडी लोंबती सोडून खूण अंगठ्याने भिंतीला घट्ट दाबायची, आणि तो आकडा वाचायला वाकला की त्याच्या केसांतला चुन्याचा कण बघायची. सांगावं की न सांगावं? नाही सांगितलं. छान दिसत होता मेला!

* * *

आठवड्याभराने, मंगळवारी, बँकेतल्या माणसाने तिच्यापुढे एक कागद सरकवला. नोंदणीच्या दिवशी घराच्या किमतीवर आणखी काय काय भरायचं, त्याची ही लांबलचक यादी. "शुक्रवारपर्यंत," तो म्हणाला. "नाहीतर मालकाकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. बयाणा बुडेल."

ती कागद घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. तेवढ्यात मोजणीवाला जिन्यावरून उतरला. योगायोग! (तो सकाळपासून तीनदा उतरला होता, हे शिपायाला ठाऊक होतं, तिला नव्हतं.)

"दाखवा बघू," तो शेजारी बसला. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"वकिलाची फी?"

"आधीच्या मालकाने घर कुठे गहाण टाकलंय का, ते त्याने शोधलं. द्या. त्यात झोप लागते."

"प्रक्रिया फी?"

"तुमची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, त्याचं प्रवासभाडं."

"दलाल, सोसायटी... आणि हा विमा?"

"तो मागितला तरच द्यायचा असतो. न मागता टाकलाय. कर्जाला तो लागतच नाही."

बारकीने पेन काढलं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली. कागद फाटेल इतकी जोरात. "आणि ही? मूल्यांकन फी?"

"ती... माझी." त्याने कान खाजवला. "सगळ्यात स्वस्त ओळ आहे."

"लोळायचे वेगळे घेता की त्यातच?"

"पहिल्या गिऱ्हाइकाला लोळणं फुकट."

ती हसली. पण पुढच्या ओळीवर बोट आलं आणि हसू विरलं. मुद्रांक शुल्क. आकडा तिने धरला होता त्याच्या बरोब्बर दुप्पट. ती काही अडाणी नव्हती. चार वर्षं डबा खाऊन, रविवारी जादा काम करून तिने या खर्चांसाठी वेगळे पैसे ठेवले होते. पण पहिलं घर असेल तर शुल्क निम्मं, असा नियम तिने वाचला होता.

"निम्मंच आहे," मोजणीवाल्याचा आवाज उतरला. "पण घर पाचशे चौरस फुटांच्या आत असेल तर. तुमचं... पाचशे चार भरलं."

चार फूट. एक माणूस पाय मुडपून नीट बसणार नाही, एवढी जागा. त्यासाठी तिचं घर जाणार होतं.

* * *

घरी दादाने सगळं ऐकून घेतलं आणि तो फार प्रेमाने बोलला. प्रेमाने बोलला, हीच तर पंचाईत.

"कमी पडतात ते मी घालतो, बारके. त्यात काय एवढं? फक्त कागदावर माझं नाव पहिलं टाकू. तुझं दुसरं. एकट्या बाईमाणसाच्या नावावर घर, उद्या काही झालं तर?"

"काय होणार आहे?"

"लग्न होईल की!" आई आतून म्हणाली.

"मग होऊ दे. घर काय पळून जाणार आहे?"

"अगं, दादा तुझ्या भल्याचंच..."

"आई, मी एकतीस वर्षांची आहे. शंभर माणसं रोज माझ्या दातांनी जेवतात. मला एक दार हवंय, ज्याच्यावर माझं नाव असेल. पहिलं नाही, दुसरं नाही... एकच." तिची मान वाकली नाही. "तुझे पैसे नकोत, दादा. नाव तर नकोच नको."

दादा ताटावरून उठला. बारकी मात्र हट्टाने पूर्ण जेवली.

* * *

दुसऱ्या दिवशी कवळ्यांच्या प्रयोगशाळेत ती मेणावर दात बसवत होती. हात चालले होते, डोकं शुक्रवारवर होतं. शेजारच्या टेबलावर नवी मुलगी पोलादी पट्टीने साचा मोजत होती, आणि तिथल्या मोठ्या बाई तिच्यावर खेकसल्या.

"शून्यापासून मोजतेस? टोक झिजलंय ना पट्टीचं! एकपासून धर आणि शेवटी एक वजा कर. किती वेळा सांगायचं?"

बारकीच्या हातातला दात मेणात तिरका घुसला.

नऊ वर्षं तिने अशीच मोजणी केली होती. कुठलीही पट्टी, कुठलीही टेप हातात आली की तिचा अंगठा आपसूक एकवर जायचा. त्या दिवशीही गेला होता! प्रत्येक भिंतीला, प्रत्येक खोलीत, पहिला इंच कडीसकट बाहेर लोंबत होता. आणि ती त्या मेल्याच्या केसांकडे बघत होती, वजा कोण करणार? प्रत्येक भिंत इंचभर जास्तच भरली होती.

तिने हात न धुताच मोजणीवाल्याला फोन लावला. "टेप मी एक इंचावर धरली होती."

पलीकडून हळूच, "सगळ्या खोल्यांत?"

"सगळ्या."

"चार वाजता येतो. चावी आणा."

चार वाजता तो आला. पिशवीतून लाल ठिपक्याचं यंत्र काढलं, भिंतीला लावलं, दाबलं. ठिपका लख्ख उमटला.

"नवी बॅटरी घातली?" तिने विचारलं.

"नाही," तो त्या ठिपक्याकडेच बघत म्हणाला. "तीच आहे. त्या दिवशीही... चालू होती. तुम्ही लगेच निघून जाल असं वाटलं. टेपला दुसरं माणूस लागतं, म्हणून..."

कुणीतरी आपल्यासाठी इतकं वेड्यासारखं खोटं बोललं, याने बारकीच्या आत काहीतरी गोड हललं. आणि त्याच क्षणी तिला त्याचा सणसणून राग आला.

"तुमची गंमत झाली. माझं घर चाललं होतं."

"माहीत आहे. चूक माझी आहे. शुल्काचा फरक मी भरतो."

"खबरदार!" ती ओरडली, आणि रिकाम्या घरात तो शब्द घुमला. "दादाही भरायला निघालाय. तुम्हीही भरा. सगळे भरा! मग मी कुणाच्या घरात राहू? मला पैसे नकोत. मला खरा आकडा हवाय. कागदावर, तुमच्या सहीने."

त्याने मान हलवली. पुन्हा एकेक भिंत मोजली. ती दारात हाताची घडी घालून उभी राहिली. काहीही धरलं नाही. शेवटी त्याने बेरीज तिच्यापुढे केली. चारशे सत्त्याण्णव.

"आता बदलाचं कारण लिहावं लागेल," तो म्हणाला. "बॅटरीच संपली होती असं लिहिलं तर मी सुटतो."

"मग?"

त्याने खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवला आणि तिच्यासमोर लिहिलं: यंत्र चालू असूनही टेप वापरली, टेप गिऱ्हाइकाच्या हाती दिली. खाली ठसठशीत सही केली. "महिनाभर काम देणार नाहीत बहुतेक," तो म्हणाला. "नाही तर नाही."

जाताना पुढे होऊन त्याच्या केसांतली धूळ तिने झटकली. बरीच जोरात.

* * *

शुक्रवारी नोंदणीच्या खिडकीशी दादा हजर होता. खिशात स्वतःचं ओळखपत्र, दोन फोटो. आशा सुटत नव्हती बिचाऱ्याची.

"दुसरं नाव?" कारकुनाने वर न बघता विचारलं.

"नाही."

"वडील, भाऊ, नवरा... कुणीतरी?"

"एकच नाव लिहा," बारकी इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या रांगेनेही वळून पाहिलं. "शुल्क पूर्ण भरलंय. नियमाप्रमाणे निम्मं, पण पूर्ण."

कारकुनाने लिहिलं. मग साक्षीदारांची वेळ आली. प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी झोकात सही ठोकली. दुसरा रकाना रिकामा होता. बारकीने पेन दादापुढे धरलं.

"मालक म्हणून नाही, दादा. साक्षीदार म्हणून. हे घर तुझ्या बहिणीने घेतलं, तू डोळ्यांनी पाहिलंस. करशील सही?"

दादाने पेनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नाक ओढलं. "फार शेफारलीस," तो म्हणाला, आणि सही केली. फोटो त्याने गुपचूप परत खिशात घातले.

* * *

रविवारी सकाळी बेल वाजली. दाराबाहेर मोजणीवाला उभा होता, नव्या पाटीकडे बघत. पाटीवर एकच नाव होतं.

"छान आहे," तो म्हणाला. "मी... माफी मागायला आलो होतो. नीट."

"आधी माझं ऐका. हे घर माझं. उद्या माझ्या आयुष्यात कुणी आलं तरी माझंच. पाटी बदलणार नाही. चालेल?"

"कुणाला?"

"जो कोणी विचारत असेल त्याला."

त्याच्या चेहऱ्यावरचा न शोभणारा गंभीरपणा गळून पडला. "चालेल," तो म्हणाला. "मी बेल वाजवून येत जाईन."

"रोज?"

"रोज. तू उघडेपर्यंत."

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. बारकीने ते ऐकलं, आणि दुरुस्त केलं नाही. दार पूर्ण उघडलं.

"ये. काम आहे. खिडकीपाशी एक खुर्ची ठरली होती माझी. दोन मावतात का, बघायचंय."

त्याने घाईघाईने पिशवीतून यंत्र काढलं. बारकीने ते त्याच्या हातातून घेतलं आणि कट्ट्यावर ठेवून दिलं.

"बॅटरी संपलीये त्याची."

"न बघताच?"

"न बघताच," ती म्हणाली, आणि पिशवीतून पिवळ्या टेपचं टोक तिने स्वतःच बाहेर ओढलं. "धर तिकडून."